प्रश्नावली की मुलाखत? गावात पाहणीला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही पाहणीला गेलो होतो. छापील प्रश्न होता, ‘आपण कोणते काम करता?’ खाली पाच चौकटी होत्या: नोकरी, व्यवसाय, शेती, मजुरी, गृहिणी. ओसरीवर बसलेल्या बाई म्हणाल्या, “मी काय करतीय, घरीच असती की.” माझ्या विद्यार्थिनीनं ‘गृहिणी’वर खूण केली आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. दुपारी परतताना त्याच बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येताना दिसल्या. थांबून बोललो तेव्हा कळलं, की पहाटे पाचला दोन म्हशींच्या धारा, शेणघाण, डेअरीला दूध घालणं, मग दुसऱ्याच्या रानात भांगलण, येताना वैरण आणि संध्याकाळी पुन्हा धारा. आमच्या कागदावर मात्र ही बाई काम करत नव्हती.

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ‘काम’ म्हणजे बाहेर जाऊन रोजगार आणणं, हा त्यांचा अर्थ आमच्या कागदानं विचारातच घेतला नव्हता. मी साताऱ्यात समाजशास्त्र शिकवते. एम.ए. आणि समाजकार्याच्या मुलामुलींचे प्रकल्प दरवर्षी हाताखालून जातात आणि ही चूक दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात भेटते. परीक्षेत ‘प्रश्नावलीचे गुण-दोष लिहा’ याला पूर्ण गुण मिळवणारी मुलं गावात गेली की अडखळतात, कारण गुण-दोषांची यादी त्यांना पाठ असते, पण तो दोष दारात उभा राहिल्यावर कसा ओळखायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं कामाच्या क्रमानं लिहिते आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेते: ‘दुभत्या जनावरांचं काम करणाऱ्या बायका आणि दुधाच्या पैशावरचा त्यांचा हक्क’. एका गावात, एका विद्यार्थिनीनं, एका सत्रात करायचा हा प्रकल्प आहे असं समजा.

पहिली पायरी : शोधायचं काय ते एका वाक्यात लिहा

विषय म्हणजे प्रश्न नव्हे. ‘दुग्धव्यवसायातील स्त्रिया’ हा विषय झाला. ‘दूध काढण्याचं काम जिच्याकडे आहे, तिच्या हातात दुधाचे पैसे येतात का, आणि येत नसतील तर ते कसं ठरतं?’ हा प्रश्न झाला. आता हे वाक्य मधोमध कापा. ‘पैसे हातात येतात का’ हा मोजण्याचा भाग आहे. किती घरांत येतात, खातं कुणाच्या नावावर आहे, जमीन असलेल्या आणि नसलेल्या घरांत फरक पडतो का, हे सगळं मोजता येतं. ‘कसं ठरतं’ हा भाग मोजून हाती लागत नाही. तो ऐकावा लागतो.

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रश्नावलीत एखादा प्रश्न घालावासा वाटला की त्याकडे बघा. या वाक्याला ज्याचा उपयोग नाही तो प्रश्न काढून टाका. माणसाचा अर्धा तास आपण घेणार असतो, त्याची किंमत आहे.

दुसरी पायरी : कोणत्या भागाला कोणतं साधन

इथे आधी एक गोंधळ दूर करते. जिचे प्रश्न उत्तर देणारा स्वतः वाचतो आणि स्वतःच उत्तरं लिहितो, ती प्रश्नावली. तेच छापील प्रश्न आपण वाचून दाखवले आणि उत्तरं आपण भरली, तर ती अनुसूची. जनगणनेचा प्रगणक तुमच्या घरी येऊन करतो ते अनुसूची भरण्याचं काम. २०११ च्या लोकसंख्या गणनेच्या अनुसूचीत २९ प्रश्न होते आणि देशभर ते त्याच क्रमानं विचारले गेले. मुलाखतीत विषय ठरलेले असतात, पण शब्द, क्रम आणि खोली समोरच्या माणसावर सोडलेली असते. गावात ज्याला मुलं ‘प्रश्नावली भरून घेतली’ म्हणतात ती बहुतेक वेळा अनुसूची असते. तिच्यात प्रश्नावलीचा नेमकेपणा येतो आणि मुलाखतीचे धोकेही येतात, हे लक्षात असू द्या.

प्रश्नावलीची मोठी ताकद म्हणजे सगळ्यांना एकच प्रश्न एकाच शब्दांत जातो, म्हणून उत्तरांची तुलना करता येते. दुसरी ताकद आडोशाची. समोर कुणी नसतं आणि नाव लिहायचं नसतं. महाविद्यालयातल्या मुलींना ‘बसमध्ये तुम्हाला त्रास होतो का’ हे विचारायचं असेल तर कोरी, बिननावी प्रश्नावली आणि दाराशी ठेवलेली बंद पेटी हे समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी बरं. जे तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही ते पेन्सिलीनं लिहिता येतं.

पण प्रश्नावली लिहितावाचता येणाऱ्याच्याच कामाची. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के होती. सात वर्षांवरच्या साधारण सहा माणसांमागे एकाला लिहितावाचता येत नव्हतं. त्यात म्हाताऱ्या बायका, वाड्यावस्त्यांवरची माणसं आणि ऊसतोडीला आलेल्या टोळ्या जास्त. म्हणजे आपल्या विषयातली नेमकी तीच माणसं गळतात.

दुसरा दोष याहून घातक, कारण तो आकड्यांच्या ढिगाखाली झाकला जातो. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. २३-२४ लाख पत्रिका परत आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन निवडून येणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी जिंकली. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती, आणि आलेला कागद भरून परत पाठवण्याइतकी तळमळ कुणाला होती, हे कुणी पाहिलं नाही. आज आपण गूगल फॉर्मची लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि तीनशे उत्तरं आली म्हणून खूश होतो, तेव्हा तेच करत असतो. त्या ग्रुपवर गावातल्या किती बायका आहेत ते एकदा मोजा.

मुलाखतीची ताकद तिथे दिसते जिथे उत्तर आपल्याला आधी सुचलेलंच नसतं. १९४२ नंतर आपल्या भागात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार, चाललं (तेव्हा सांगली साताऱ्यातच होती, दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला). भूमिगतांना भाकरी कुणी पोचवली, निरोप कुणी नेले, घरावर धाड पडली तेव्हा मागच्या दारानं कोण बाहेर पडलं, हे सरकारी कागदांत फारसं सापडत नाही. ते त्या पिढीच्या बायकांनी ओसरीवर बसून सांगितलं म्हणून उरलं. पाच चौकटींच्या प्रश्नाला ते कधीच हाती लागलं नसतं.

आता दोष. मुलाखत वेळ खाते. तासभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. थोड्याच माणसांशी बोलता येतं, त्यामुळे ‘गावात बहुतेक घरांत असंच चालतं’ असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे मुलाखत घेणारा स्वतः. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली सुमारे २ हजार निराधार पुरुषांच्या मुलाखती घेतल्या गेल्या होत्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइस यांनी १९२९ साली त्या नोंदींविषयी लिहिलं. दारूबंदीचा पुरस्कार करणाऱ्या मुलाखतकाराच्या कागदांत माणसं दारूपायी रस्त्यावर आलेली दिसत होती आणि समाजवादी मुलाखतकाराच्या कागदांत बेकारीपायी. विशेष म्हणजे त्या माणसांनी स्वतःविषयी दिलेली कारणंही तशीच वळलेली होती. मुलाखतकारांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. मान कधी हलवायची, कुठे ‘हं’ म्हणायचं, यातूनच समोरच्याला दिशा मिळते.

एक दोष दोन्ही साधनांना लागू पडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर हे १९३० ते १९३२ या काळात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, ‘चिनी माणसाला जागा द्याल का?’ १२८ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ लिहिलं. माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरंच, हे इतक्या लख्खपणे क्वचित दिसतं. म्हणून शक्य तिथे मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. चौथ्या पायरीत हे पुन्हा येईल.

तिसरी पायरी : कागद कोरा ठेवून आधी गप्पा मारा

माझा आग्रह एवढ्या एका गोष्टीसाठी आहे: प्रश्नावली लिहिण्याआधी त्या गावात जाऊन पाच-सहा जणींशी नुसतं बोला. बहुतेक प्रकल्प इथेच बिघडतात. मुलं जुन्या प्रबंधातली प्रश्नावली घेतात, दोन शब्द बदलतात आणि छापायला देतात.

डेअरीच्या दारात सकाळी सहा-साडेसहाला उभ्या राहा. तिथे कळेल की आपल्याकडे दुधाच्या पैशाला ‘पगार’ म्हणतात आणि तो बहुधा दहा दिवसांनी होतो. ‘तुमचे दुधाचे मासिक उत्पन्न किती?’ या प्रश्नावर बाई गोंधळून का बघते ते तिथे उमगतं, कारण तिच्या डोक्यात महिना नसतोच. तिथेच कळेल की पगारातून पेंडीचे पैसे आधीच कापून जातात, म्हणजे ‘किती मिळाले’ आणि ‘किती झाले’ हे दोन वेगळे आकडे आहेत. खातं सासऱ्याच्या नावावर, दूध घालायला जाते सून आणि पगार आणायला मुलगा, हेही तिथे नुसतं उभं राहून दिसतं.

ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. प्रश्नावली याच शब्दांतून उभी राहायला हवी.

चौथी पायरी : प्रश्न लिहिणं

इथे घाई करू नका. मी मुलांना एका प्रश्नावर अख्खा तास घालवायला लावते.

पहिलं, एका प्रश्नात एकच गोष्ट. ‘तुम्हाला डेअरीचा भाव आणि वागणूक योग्य वाटते का?’ भाव पटत नाही, पण वागणूक चांगली आहे, असं जिचं मत असेल तिनं काय सांगायचं?

दुसरं मराठीचं खास आहे आणि ते पाठ्यपुस्तकांत क्वचित सापडतं. नकारार्थी प्रश्न टाळा. ‘तुम्ही ग्रामसभेला जात नाही ना?’ याला एक बाई ‘हो’ म्हणेल ती ‘हो, नाही जात’ या अर्थी, आणि दुसरी ‘हो’ म्हणेल ती ‘जाते की’ या अर्थी. आकडेवारीत दोघी एकाच चौकटीत बसतील. तसंच ‘बरं’ या शब्दाचं. ‘बरं हाय’ म्हणजे साताऱ्यात उत्तम, ठीक, चाललंय कसंतरी आणि तुम्हाला काय सांगायचं, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून ‘परिस्थिती कशी आहे?’ या प्रश्नाला ‘चांगली / बरी / वाईट’ अशा चौकटी देऊ नका. सगळी माणसं मधल्या चौकटीत येऊन बसतात.

तिसरं, मतापेक्षा घटना. ‘पैशाचे निर्णय घरात कोण घेतं?’ असं विचारलं की ‘दोघं मिळून’ हे उत्तर तयारच असतं, कारण तेच शोभतं. त्याऐवजी, ‘मागचा पगार कुणी आणला? त्यातलं पहिलं काय घेतलं? ते घ्यायचं कुणी ठरवलं?’ घडलेल्या गोष्टीला शोभेचा रंग देणं अवघड जातं.

चौथं, आठवणीची मुदत. किती दिवसांचं विचारता यावर उत्तर बदलतं. याचा मोठा धडा देशपातळीवर मिळालेला आहे. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे ५५ व्या फेरीत, कुटुंबांना अन्नावरचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारी-शेजारी विचारला गेला. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला असणार, या कारणानं त्या फेरीतून निघालेले गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघता येतात का, यावर अर्थतज्ज्ञांचा बराच काळ वाद चालला. सगळ्या देशाच्या पाहणीत जे झालं ते आपल्या ऐंशी घरांत होणारच. दुधाला ‘मागचा पगार’ ही मुदत धरा. म्हैस विकली-घेतली असले मोठे व्यवहार ‘मागच्या दिवाळीपासून’ असे विचारा. सणवार, सुगी, गावची जत्रा यांना धरून विचारलं की तारखेपेक्षा पक्कं आठवतं.

पाचवं, मोजमाप त्यांच्या हिशेबात घ्या आणि रूपांतर घरी आल्यावर करा. जमीन एकर-गुंठ्यांत सांगतील (४० गुंठे म्हणजे एक एकर), सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असेल. आणि ‘तुमची जमीन किती?’ याचा अर्थ आधी ठरवून घ्या. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, भाऊ तोंडी वाटणीनं कसतात, असं असतं. ‘तुम्ही स्वतः कसता ती किती?’ हा वेगळा प्रश्न आहे. ऊसतोडीला आलेल्या टोळीत तर ‘तुमची मजुरी किती?’ हा प्रश्न बाईला विचारताच येत नाही. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते. तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो. या प्रश्नाला उत्तर न मिळणं हाच आपला मोठा निष्कर्ष असतो. चौकट रिकामी ठेवण्याऐवजी शेजारी तसं लिहा.

सहावं, ‘कुटुंबात माणसं किती?’ जावळी-पाटणचा मुलगा मुंबईत माथाडीत असतो, आटपाडी-खानापूरचा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात कुठल्या लांबच्या राज्यात. आई त्याला हमखास मोजते. जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. तुम्ही काय धरणार ते ठरवा, कागदावर छापा आणि मग प्रत्येक घरी तेच वापरा. शक्यतो दोन्ही विचारा: इथल्या चुलीवर जेवणारे किती, आणि बाहेरून पैसे पाठवणारे कोण.

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. शिकलेल्या लोकांना लेखी देताना ती चालते. ओसरीवर मात्र ती वाचून दाखवली की माणूस दमतो आणि ‘हो’ला ‘हो’ म्हणत सुटतो. तिथे दहा चिंचोके किंवा शेंगा हातात द्या आणि म्हणा, “पगाराचे दहा वाटे समजा. घरखर्चाला किती, पेंडीला किती, शाळेला किती, तुमच्या स्वतःसाठी किती? मांडून दाखवा.” जमिनीवर मांडणी होते, शेजारीण दुरुस्ती सुचवते, बाई एक चिंचोका उचलून परत दुसरीकडे ठेवते. ती का थांबली तेही लिहून घ्या.

क्रम म्हणाल तर सोपे, उठून दिसणारे प्रश्न आधी (जनावरं किती, दूध किती), पैशाचे मध्ये, नाजूक शेवटी. जात, उत्पन्न आणि कर्ज पहिल्याच पानावर ठेवलं तर पुढची पानं कोरी राहिली म्हणून समजा.

पाचवी पायरी : पूर्वचाचणी

शेजारच्या गावात दहा-बारा घरी हीच अनुसूची भरून बघा. उत्तर मिळालं की थांबू नका, उलट विचारा: “मी आत्ता काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?” तीन जणींनी तीन अर्थ सांगितले तर प्रश्न बदला. घड्याळ लावा. पंचवीस-तीस मिनिटांच्या वर गेलं तर प्रश्न कमी करा.

सहावी पायरी : कुणाला विचारायचं

यादी कुठून घेता त्यावर बरंच ठरतं. डेअरीच्या सभासदांची यादी सोपी वाटते, पण सभासद पुरुष असतात आणि खासगी गवळ्याला दूध घालणारी घरं त्यात नसतात. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नमुना ८ ची नोंदवही असते, ती बरी. तरी गावठाणाबाहेरचे मळे, वस्त्या, पारधी-धनगरांचे तळ सुटलेत का ते पायी फिरून बघा.

संख्या किती हवी? समजा गावात ४०० घरं आहेत. ९५ टक्के खात्रीनं आणि पाच टक्के इकडेतिकडे चुकीला वाव ठेवून बोलायचं तर सूत्रानं १९६ घरं येतात. दहा टक्के चूक चालणार असेल तर ७८. एकटीनं करायच्या प्रकल्पाला दुसरा आकडा पेलतो. कुलपं लागलेली घरं आणि नकार धरून शंभराची यादी काढा. चिठ्ठी टाकून पहिल्या चारांतलं एक घर निवडा आणि तिथून पुढे दर चौथं घर घ्या. घर बंद असेल तर शेजारच्या घरात शिरू नका, पुन्हा वेगळ्या वेळी या. दिवसभर बंद असणारी घरं बहुधा मजुरांची असतात. ती सोडली की पाहणी आपोआप बऱ्या परिस्थितीतल्या घरांकडे झुकते.

मुलाखतींना ही गणितं लावू नका. तिथे वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बायका मुद्दाम निवडायच्या: जमीनवाली, भूमिहीन, विधवा, सासूबरोबर राहणारी, वेगळं घर केलेली. साधारण एकाच प्रकारच्या लोकांशी बोलत असाल तर बारा-एक मुलाखतींत नवीन मुद्दे येणं बरंचसं थांबतं, असं घाना आणि नायजेरियातल्या मुलाखतींवर बेतलेल्या २००६ च्या एका अभ्यासात दिसलं. माझा अनुभवही जवळपास तोच आहे.

सातवी पायरी : दारात

पाहुण्याला गावात पहिला प्रश्न येतो, “पाव्हणं, कुठलं?” मुलगी असेल तर, “कुणाच्यातली गं तू?” आडनाव सांगितलं की जात कळते आणि त्या क्षणापासून उत्तरं थोडी वळतात. लपवू नका, खोटं तर मुळीच सांगू नका. पण वहीत लिहून ठेवा की कुठल्या वस्तीत तुम्हाला ओट्यावर बसवलं आणि कुठे आत बोलावलं. गावात सरपंचांच्या माणसाला बरोबर घेऊन फिरणं सोयीचं वाटतं. पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला ठीक आहे, दुसऱ्या दिवसापासून एकटीनं जा. तो शेजारी उभा असताना पाणीपट्टी, योजना, सोसायटीचं कर्ज यावर कुणीही खरं बोलणार नाही.

आपण कोण, हे स्पष्ट सांगा, आणि आपण काय देऊ शकत नाही हे त्याहून स्पष्ट सांगा. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीजवळच्या एका गावात माझे विद्यार्थी गेले, तेव्हा लोकांना वाटलं पंचनामा पुन्हा होतोय. आधी यादीतून राहिलेल्या एका आजोबांनी पडलेल्या भिंतीचा प्रत्येक दगड दाखवला. मुलांनी सगळं लिहून घेतलं आणि मदत कधी मिळणार हे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तो दोष आमचा होता, मुलांना पाठवण्याआधी मी ते बजावायला हवं होतं. तेव्हापासून आमच्या कागदावर पहिलं वाक्य असतं: ‘आम्ही कॉलेजातून आलो आहोत, ही सरकारी पाहणी नाही, यातून पैसे किंवा मदत मिळणार नाही, नको वाटेल तो प्रश्न सोडून द्या, मधेच थांबवलंत तरी चालेल.’ हे वाचून दाखवायचं आणि मगच सुरुवात करायची. नकार आला तर आभार मानून उठायचं.

सून बोलत असताना सासू उंबऱ्यात येऊन बसणार, हे धरूनच चाला. तिला उठवू नका. दोघी जणी गेला असाल तर एकीनं सासूबाईंना तिच्या काळच्या म्हशींविषयी विचारत गोठ्याकडे न्यावं. एकट्या असाल तर पैशाचे प्रश्न त्या वेळी सोडा आणि सून डेअरीला निघते तेव्हा तिच्याबरोबर चालत जा. अनुसूचीत एक छोटी चौकट ठेवा: ‘उत्तर देताना जवळ कोण होतं?’ शेवटी हीच चौकट सगळ्यात जास्त सांगून जाते.

वेळ सकाळच्या धारा आटोपल्यानंतर आणि रानात निघण्याआधी, किंवा दुपारी दोन ते चार. ऊसतोडीच्या हंगामात, आठवडी बाजाराच्या दिवशी, जत्रेत जाऊ नका.

मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्ससारखी साधनं रेंज नसतानाही चालतात. पण मोबाइलकडे बघत राहिलेल्या मुलीशी बाई बोलत नाही, म्हणून मी अजून कागदच देते.

आठवी पायरी : मुलाखत

यादी आठ-दहा विषयांची, तीही डोक्यात. सुरुवात ‘काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा’ अशी करा. कोरेगावच्या त्या बाईंना असं विचारलं असतं तर त्यांचं सगळं काम पहिल्या दहा मिनिटांत समोर आलं असतं.

त्या थांबल्या की लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा महत्त्वाचं वाक्य त्या शांततेनंतर येतं. ‘म्हणजे कसं?’, ‘मग तुम्ही काय केलंत?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. ‘म्हणजे नवरा पैसे देत नाही, असंच ना?’ हे विचारलंत तर मुलाखत तिथेच संपली, पुढचं सगळं तुमचंच.

ध्वनिमुद्रणाला परवानगी विचारा आणि नाही म्हटलं तर हातानं लिहा. यंत्र बंद केल्यावर, चपला घालताना जे सांगितलं जातं ते हमखास मोलाचं असतं. ते वापरू का, हे तिथेच उभ्या उभ्या विचारा. त्याच रात्री सगळं लिहून काढा. उतरवताना ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘म्या म्हणलं’ तसंच ठेवा. प्रमाण भाषेत आणलं की तिचं म्हणणं आपलं होऊन जातं.

नववी पायरी : दोन्ही उत्तरं समोरासमोर

आपल्या भागाला अशा पाहण्यांची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, ती १९४० साली प्रसिद्ध झाली. कोयना धरणानं विस्थापित झालेल्यांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ ची. विस्थापिताला किती एकर मिळाले हे मोजता येतं. नव्या गावात लेक कुणाच्या घरात द्यायची, जुन्या देवाचं काय झालं, हे मोजून कळत नाही. या विषयाकडे बघताना दोन्ही लागतं.

म्हणून कागद भरून झाले की ते बाजूला ठेवू नका. अनुसूचीत ‘पगार मीच आणते’ म्हणणाऱ्या बायकांपैकी कुणी मुलाखतीत ‘आणते आणि सासऱ्यांच्या हातात देते’ म्हणाली असेल, तर एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवण्याची घाई करू नका. प्रश्न पैसे उचलण्याचा होता, हक्क पुढच्या पायरीवर ठरत होता, हे त्या विसंगतीनंच दाखवलं. अशा विसंगती अहवालात उघड लिहा. परीक्षक गुण कापतील या भीतीनं मुलं त्या झाकतात आणि त्याच जागी प्रकल्पात काहीतरी सापडलेलं असतं.

नावं बदलून भागत नाही हेही बघा. लहान गावात ‘सात म्हशी असलेली विधवा शिक्षिका’ म्हटलं की सगळ्यांना कळतं ती कोण. असे तपशील मोडून लिहा, नाव-पत्त्यांची यादी अनुसूचीपासून वेगळी ठेवा आणि काम संपल्यावर फाडून टाका.

अहवाल जमा करण्याआधी एकदा गावात परत जा. निघालेल्या चार-पाच गोष्टी डेअरीच्या कट्ट्यावर साध्या भाषेत बायकांना वाचून दाखवा, कुणाचंही नाव न घेता. “असं न्हाय बाई, तुम्ही हे उलटं लिवलंय” असं कुणी म्हणालं, तर वही उघडा आणि तारीख घालून ते लिहून घ्या.